चारशे बारा शेरे

रक्तपेढीत तिला सगळे किल्लीताई म्हणत. सर्व्हरच्या खोलीची किल्ली ती कुणाच्या हाती लागू देत नसे, त्यावरून हे नाव पडलं होतं, आणि ते पाडणाऱ्यांत खुद्द पेढीच्या प्रमुख डॉक्टरबाईच पुढे होत्या. ताईची नोकरी सत्तावीस वर्षांची. ती आली तेव्हा खोलीत एक टेबल, एक संगणक आणि छताला टेकलेल्या नोंदवह्या होत्या. नवा फ्रीज ठेवायला जागा हवी म्हणून वह्या रद्दीत गेल्या. आजवर या रुग्णालयात ज्यांना ज्यांना रक्त चढवलं त्या दोन लाख ऐंशी हजार माणसांची माहिती आता तिच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीत होती.

पेटी जुनी होती आणि तिच्यातला डेटाबेस पेटीहून जुना. सतरा वर्षांपूर्वी बसवलेला. तो बनवणाऱ्या कंपनीने सहा वर्षांपूर्वीच हात वर केले होते: या व्हर्जनला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत, काय भोकं पडतील ती तुमची तुम्ही बघा. तेव्हापासून ताई दरवर्षी वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे एक पत्र पाठवी आणि दरवर्षी ते पत्र 'पुढील बैठकीत घ्यावे' एवढं लिहून घेऊन खाली येई. सातव्या वर्षी तिने पत्राचा मजकूरसुद्धा बदलला नाही, नुसती तारीख बदलली.

रक्त म्हणजे नुसता गट नव्हे, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. गट जुळला तरी दुसऱ्याच्या रक्तातल्या एखाद्या बारीक खुणेवर आपलं शरीर डूख धरतं, आणि पुन्हा तीच खूण असलेलं रक्त आलं की त्याच्यावर तुटून पडतं. गोम अशी की काही वर्षांनी हा डूख इतका मंदावतो की तपासणीत दिसतच नाही. तपासणीची नळी स्वच्छ, सगळं जुळतंय, म्हणून रक्त चढवावं आणि पाच-सहा दिवसांनी घात व्हावा. त्याला तोड एकच. पूर्वी तो दिसला होता असं कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेलं असायला हवं. या लिहून ठेवण्याला रक्तपेढीत 'शेरा' म्हणत.

ताईच्या भाचीच्या शेऱ्यात अशा तीन खुणा होत्या. ती चोवीस वर्षांची होती आणि जन्मापासून तिचं रक्त अंगात टिकत नसे. दर तीन आठवड्यांनी खुर्चीत बसून चार तास पिशवीतलं रक्त घ्यायचं, मग पुढच्या तीन आठवड्यांपुरती तरतरी. तिची आई, म्हणजे ताईची थोरली बहीण, गेल्यापासून मावशी-भाची दोन खोल्यांत एकत्र राहत. भाची एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. "मी कागदातल्या चुका काढते आणि तुम्ही लोक माझ्यातल्या," असं ती रक्तपेढीत येऊन सांगे आणि तपासनीस थेंबकाकांना हसवी. या काकांच्या हातून तीस वर्षांत रक्ताचा एक थेंब सांडला नव्हता अशी ख्याती होती. काका तसे सहसा हसत नसत.

त्या वर्षी मात्र वरच्या मजल्याला जाग आली. दुसऱ्या एका शहरातल्या रुग्णालयाचे सगळे संगणक कुणीतरी बाहेरून कुलूपबंद केल्याची बातमी आली आणि मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सहा वर्षं भिजत पडलेलं घोंगडं आठवड्याभरात उचललं गेलं. नव्या व्हर्जनवाल्या कंपनीचा एक माणूस आला. शांत, नीटनेटका, विचारल्याशिवाय खोलीतल्या कशाला हात न लावणारा. ताईला तो पहिल्या दिवशीच आवडला.

त्याने पेटीतल्या सगळ्या नोंदींची एक प्रत आपल्या यंत्रावर घेतली आणि नव्या डेटाबेसमध्ये भरून पाहिली. तीन दिवस दोघं ओळीने ओळ ताडून बघत होते. नोंदी उतरल्या. नावं, गट, तारखा, शेरे, सगळं जागच्या जागी. चारशे बारा शेरे सोडून.

ते शेरे पहिल्या चार वर्षांतले होते. त्या काळी टाइप करणाऱ्या दोन बायका दोन वेगवेगळे जुने फॉन्ट वापरत आणि एकमेकींच्या नोंदी दुरुस्तही करत. जुन्या पडद्यावर ते अजून वाचता येई. नव्याला त्यातलं ओ की ठो कळेना. अक्षरांच्या जागी त्याने ओळीने प्रश्नचिन्हं मांडून ठेवली होती.

"नियम लावून बदलता नाही येणार?" ताईने विचारलं.

"दोन्ही फॉन्टची खिचडी झालीय," तो म्हणाला. "एकच खूण एकीकडे एक अक्षर, दुसरीकडे दुसरं. अंदाजाने बदललं तर निम्मे शेरे चुकतील, आणि कुठले ते कळणार नाही."

यादीत दोनशे तीनव्या ओळीवर एक रुग्ण क्रमांक होता. नाव नव्हतं, पण तो क्रमांक ताईला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

बैठक सोमवारी सकाळी झाली. मोठे साहेब, डॉक्टरबाई, कंपनीचा माणूस आणि ताई. टेबलावर चहा होता आणि तो कुणी घेत नव्हतं.

कंपनीच्या माणसाने सरळ सांगितलं, "माझं मत विचाराल तर या आठवड्यातच नव्यावर जावं. जुनी पेटी नेटवर्कवरून काढायची आणि कोपऱ्यात नुसती चालू ठेवायची. हे चारशे बारा शेरे तिच्यावर वाचून सावकाश नव्यात भरायचे."

"आणि भरेपर्यंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"भरेपर्यंत प्रश्नचिन्हं दिसतील. दिसली की तुमच्या माणसाने कोपऱ्यात जाऊन वाचायचं."

"अपघात विभागातून फोन आला की माझी माणसं समोरच्या पडद्यावर बघतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत चालत कोण जातं? प्रश्नचिन्ह बघून थांबायची सवय लागायला आधी एक माणूस जावा लागतो."

साहेब ताईकडे वळले. "ताई, पेटी तुमची. आम्हाला यातलं काही कळत नाही. हो की नाही, एवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

सत्तावीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. सात पत्रं लिहून जे मिळालं नाही ते आज ताटात वाढून आलं होतं, आणि तिला घास घेववत नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर दोनशे तीनवी ओळ होती. भाचीची तारीख पुढच्या गुरुवारी होती. त्या दिवशी थेंबकाका रजेवर असले, रक्तपेढीच्या खिडकीवर कुणी नवखं असलं, आणि पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं असली तर? तिने भाचीचं नाव काढलं नाही. डॉक्टरबाईंचं म्हणणं रास्त होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

"दोन महिने द्या," ती म्हणाली. "आधी सगळे शेरे हाताने उतरवून घेते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग उलटं ताडायचं. पुरे झाले की नव्यावर जाऊ."

"दोन महिने हे दार उघडं राहील," कंपनीचा माणूस म्हणाला.

"सहा वर्षं उघडंच आहे."

साहेबांना हे वाक्य फार आवडलं. ते हसले, आणि बैठकीच्या टिपणात त्यांनी ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं.

जाण्याआधी कंपनीच्या माणसाने विचारलं, चाचणीसाठी घेतलेली प्रत माझ्या यंत्रावर आहे, तिचं काय करू? रुग्णांची माहिती काम झाल्यावर बाहेरच्या यंत्रावर ठेवायची नाही, असा नियम होता. ताई नियमाला पक्की. तिने आपल्या डोळ्यांदेखत ती प्रत पुसायला लावली आणि पुसल्याच्या दाखल्यावर सही केली. त्याचं कार्ड तिने खणात ठेवलं. दोन महिन्यांनी भेटू, असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून ताई आणि थेंबकाका कामाला लागले. दुपारी दीड ते तीन, रक्तपेढीत वर्दळ कमी असते तेव्हा. काका पडद्यावरचं वाचत, ताई एका जाड वहीत लिही, मग ती वाची आणि काका पडद्यावर बोट ठेवून ताडून बघत. दिवसाला सात-आठ शेरे होत. काही शेऱ्यांत टाइप करणाऱ्या बाईंनी स्वतःचं काहीबाही घातलेलं होतं. 'यास सुईची भीती आहे, गोष्ट सांगावी.' 'नवरा फार ओरडतो, आधी त्यास बाहेर बसवावे.' काका ते वाचून दाखवत आणि विचारत, "हे लिहायचं?" ताई म्हणे, "आहे ते सगळं."

यादी क्रमाने घ्यायची ठरली होती. पण पहिल्या दिवशी वही उघडल्या उघडल्या ताई म्हणाली, "काका, आधी दोनशे तीन घ्या." काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा बघितलं आणि दोनशे तीन वाचायला घेतलं. त्या दिवसापुरता हा विषय तिथेच संपला.

पाच आठवडे असे गेले. गुरुवार आला, भाचीला रक्त मिळालं. तीन आठवड्यांनी पुढचाही गुरुवार तसाच पार पडला. वहीत एकशे सत्त्याऐंशी शेरे झाले. ताई कित्येक वर्षांनी घरी गुणगुणत भांडी घासायची. भाची म्हणाली, "मावशी, तुला बढती मिळाली की काय?" ताई म्हणाली, "मला विचारलं त्यांनी. तेवढीच बढती."

सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी सकाळी साडेसातला तिने खोलीचं कुलूप काढलं. पेटीचे दिवे लुकलुकत होते, पंखा फिरत होता, सगळं रोजच्यासारखं. तिने पडदा चालू केला. त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर सहा ओळी होत्या. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, या पत्त्यावर संपर्क साधा. तिने ते दोनदा वाचलं. मग खुर्चीत न बसता उभ्यानेच शेजारचा पडदा चालू केला. रोजची बॅकअप प्रत जिच्यावर जायची ती ही दुसरी पेटी. तिथेही त्याच सहा ओळी.

कंपनीचा माणूस दोन तासांत येऊन पोचला. त्याने दिवसभर मान वर केली नाही. चोर त्याच भोकातून आत आला होता ज्याची दुरुस्ती जुन्या व्हर्जनला कधी मिळालीच नव्हती. दिलेल्या पत्त्यावर साहेबांनी वकिलांना विचारून पत्र पाठवलं, पण पलीकडून उत्तर आलं नाही. तिकडे कुणी होतं की नाही, हेही कळलं नाही.

"तुमच्याकडची प्रत..." ताईने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"पुसली ना आपण," तो हळू म्हणाला. 'आपण' म्हणाला, एवढा तो भला होता.

कपाटात नऊ जुन्या टेप निघाल्या. चार वर्षांपूर्वीपर्यंत बॅकअप त्यांच्यावर घेत. त्या वाचायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं. टेप खोक्यात भरून बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या, आणि ताईने त्या खोक्यावर सगळा जीव टांगला. ती रोज फोन करी. तिकडची बाई रोज म्हणे, "काम चालू आहे, मॅडम."

उरली ती वही. दोन लाख ऐंशी हजारांतले एकशे सत्त्याऐंशी.

डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी हुकूम काढला की प्रत्येक रुग्णाला विचारायचं, पूर्वी रक्त घेतलंय का, कुणी काही सांगितलं होतं का. वेळ असेल तिथे लांबची तपासणी करायची. वेळ नसेल तिथे काय करायचं हे हुकमात लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवारी दुपारी एका म्हाताऱ्या घड्याळजीला अपघात विभागात आणलं. दुकानात बसल्या बसल्या त्याला रक्ताची उलटी झाली होती आणि शेजारच्या दुकानदारांनी त्याला गाडीत घालून आणलं होतं. तो शुद्धीत नव्हता. सोबत घरचं कुणी नव्हतं. खिशातल्या ओळखपत्रावरून नाव कळलं, खिडकीवर फोन आला. दुसरा कुठलाही दिवस असता तर त्या नावावर पडदा लाल झाला असता. त्या दिवशी पडदाच नव्हता. थेंबकाकांनी स्वतः तपासणी केली, दोनदा केली. नळी स्वच्छ होती. चार पिशव्या गेल्या, म्हातारा वाचला. संध्याकाळी त्याची बायको आली तेव्हा तो उठून बसला होता आणि आपलं दुकान उघडं राहिलं म्हणून कुरकुरत होता.

सहाव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली. डॉक्टरबाईंनी नव्याने रक्त तपासलं तेव्हा जे पहिल्या दिवशी औषधालाही नव्हतं ते आता नळीभर दिसत होतं. त्यांनी बायकोला विचारलं, "यांना आधी कधी रक्त दिलं होतं?"

"बारा वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "दोनदा. इथेच की."

ताई दाराशी उभी होती. बारा वर्षांपूर्वीचे शेरे चारशे बारांत नव्हते. ते नव्या फॉन्टमधले, स्वच्छ. घड्याळजीची नोंद चाचणीत एक अक्षर न हलता उतरली असणार. तो सोमवार, ते टेबल, तो कुणी न घेतलेला चहा. तिने तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर ती नोंद आज पडद्यावर असती. हे तिला एका क्षणात कळलं, आणि मग रोज, पुन्हा पुन्हा, नव्याने कळत राहिलं.

मूत्रपिंडं गेली. अकराव्या दिवशी घड्याळजी गेला.

पंधरवड्याने त्याची बायको रक्तपेढीत आली. बारकी, ताठ पाठीची बाई. हातात प्लॅस्टिकची पिशवी. खिडकीवर तिने विचारलं, इथलं सगळं कोण बघतं? लोकांनी ताईकडे बोट दाखवलं. तिने पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर रक्तपेढीचा शिक्का होता, घड्याळजीचं नाव होतं, आणि खाली सुबक अक्षरांत तो शेरा. 'रक्त घेण्यापूर्वी हे कार्ड दाखवावे.'

ताईला ते कार्ड ओळखता आलं. आठ वर्षांपूर्वीपर्यंत अशी कार्डं देत असत. आता सगळं संगणकावर आहे, कार्डं छापणं बंद करावं, असं तिनेच सुचवलं होतं.

"दुकानाच्या कागदांत सापडलं," बाई म्हणाली. "त्या दिवशी हे मी आणलं असतं तर?"

ताईच्या तोंडाशी सगळी सोयीची उत्तरं येऊन गेली. तुम्ही पोचण्याआधीच पिशव्या लागल्या होत्या, हे तर खरंही होतं. पण त्या बाईने प्रश्न रात्रंदिवस उराशी धरून आणला होता, तिला अर्धं उत्तर देववेना.

"तुमच्या हातात काही नव्हतं," ताई म्हणाली. "तुम्ही यायच्या आधीच रक्त दिलेलं होतं. आणि हेच सगळं आमच्याकडेही लिहिलेलं होतं. ते माझ्या ताब्यात होतं. ते सांभाळायचा एक मार्ग समोर होता, मला विचारलं होतं, आणि मी थांबा म्हटलं."

"का?"

"दुसऱ्या काही माणसांचं नुकसान होईल असं वाटलं म्हणून."

बाईने कार्ड आपल्याकडे फिरवलं. "मी सहा दिवस त्यांच्या उशाशी बसून होते," ती म्हणाली. "कार्डाचं मनात आलंच नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे सगळं आहेच." मग तिने पिशवीची घडी घातली. "तुम्ही हे सांगितलंत, बरं केलंत. पण यानं माझं काही कमी होत नाही हो. मला वाटलं होतं, एका ठिकाणी होतं आणि ते राहिलं. आता कळलं, दोन ठिकाणी होतं."

कार्ड तिने परत नेलं नाही. ताईने ते कुठे ठेवावं हे न सुचून वहीत ठेवलं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचं पत्र आलं. टेपवरचा थर सुटला आहे, वाचण्याजोगं काही मिळालं नाही, खोकं परत पाठवत आहोत.

चौकशी समिती बसली. तिघांनी ताईला दीड तास प्रश्न विचारले. सहा वर्षांची पत्रं तिने समोर ठेवली नाहीत, पण ती त्यांना फायलीत सापडली, आणि समितीचा सूरच पालटला. अहवालात आलं की निर्णय त्या वेळच्या माहितीप्रमाणे सद्हेतूने घेतलेला होता, कुणा एकावर दोष ठेवता येत नाही. साहेबांनी तिला बोलावून अहवालाची प्रत दिली, आणि आपण तिच्या पाठीशी होतो असं दोनदा सांगितलं. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण दोष यावा म्हणून वाट बघत होतो. कुणी रागावलं असतं, बदली केली असती, पगारवाढ रोखली असती, तर कुठेतरी काहीतरी फिटलं असतं. आता ते ओझं तिच्याच पदरात राहिलं.

नवा डेटाबेस बसवला. कंपनीच्या माणसाने तिला सगळं समजावून सांगितलं. झटपट, देखणा, आणि रिकामा. त्यात वहीतले एकशे सत्त्याऐंशी शेरे भरायला एकच दिवस लागला.

भाचीला हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं. एका रविवारी दुपारी दोघी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. चादरीची दोन टोकं धरून भाची थांबली.

"मावशी, परवा थेंबकाकांनी माझ्यासाठी वही उघडली. माझा यादीतला नंबर दोनशे तीन आहे. पण मी पहिल्या पानावर आहे. बाकी सगळे ओळीने आहेत."

मुद्रितं तपासणारीची नजर. ताई म्हणाली, "हो. तुला आधी घेतलं."

"पण माझ्या तिन्ही खुणा तर तुला पाठ आहेत. काकांनाही पाठ आहेत. मला स्वतःला पाठ आहेत."

ताईने चादरीची आपली टोकं सरळ केली.

"मग ते दोन महिने कशासाठी मागितलेस? माझ्यासाठी?"

"एकट्या तुझ्यासाठी नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या ते खरंच होतं. चारशे बारा माणसं होती."

"पण माझ्यासाठीही."

"हो."

भाचीने आपली टोकं मावशीच्या टोकांना आणून भिडवली आणि चादर तिच्या हातात दिली. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "मी मध्ये घुसले म्हणून रांगेतलं एक माणूस बाहेर राहिलं असेल ना. एकशे सत्त्याऐंशी नंबरचं. ते कोण होतं?"

"यादीत नुसता क्रमांक आहे," ताई म्हणाली. "माणूस पेटीत होतं."

त्यानंतर भाचीने भांडण केलं नाही, अबोला धरला नाही. जेवायला ती समोरच बसे, छापखान्यातल्या गमती सांगे. फक्त पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "तू नको येऊस, मी जाईन एकटी." मग ती रीतच पडून गेली. हिवाळ्यात तिच्या रक्तात चौथा डूख सापडला. जुळणारं रक्त मिळायला आता तीन आठवड्यांऐवजी चार-चार, पाच-पाच लागू लागले, आणि ती त्यातल्या शेवटच्या दिवसांत जिना चढताना मध्येच पायरीवर बसू लागली. यात कुणाची चूक नव्हती. हे असं कधी ना कधी व्हायचंच, असं डॉक्टरबाई आधीपासून सांगत आल्या होत्या.

ताईला निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत. दुपारी दीड ते तीन ती वॉर्डांच्या जुन्या दाखल-याद्या घेऊन बसते आणि एकेका माणसाला फोन लावते. तुम्हाला आमच्याकडे कधी रक्त दिलं होतं का? तेव्हा काही सांगितलं होतं का, एखादं कार्ड? बहुतेक नंबर लागत नाहीत. काहींच्या घरचे सांगतात की ते आता नाहीत. काहींना आठवतं ते भलतंच असतं: औषधाचं नाव, डॉक्टरांचा चेहरा, शेजारच्या खाटेवरचा माणूस. आठ महिन्यांत तिला नवे शेरे मिळाले एकसष्ट. त्यातल्या चाळीस-एकांची खात्री नाही, म्हणून ती त्यांच्यापुढे कंसात 'ऐकीव' असं लिहिते. थेंबकाका शेजारी बसून ताडून बघतात, पण ताडायला समोर काही नसतं, म्हणून ती जे लिहिते तेच ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचतात.